सगळेच रोकालेना

"माझं नाव रोकालेना. तुमचंही नाव रोकालेना. आता फोन ठेवू नका."

अनोळखी माणसाला फोन लावला की विनी पहिल्या दमात ही तीन वाक्यं म्हणून टाकायचे आणि मग गप्प बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. दहा सेकंद गेले की माणूस टिकला. टिकलेल्या माणसाला दुसरा प्रश्न ठरलेला असे: "ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तुमची आजी काय शिजवायची?" उत्तरात खारवलेला मासा आला आणि त्यात मनुका आल्या, की विनी फोनवर हात ठेवून समोर जो कोणी असेल त्याला सांगत, "आपला आहे."

विनी म्हणजे व्हिन्सेंट रोकालेना, ट्रॉयमधले आमचे शेजारी. ट्रॉय म्हणजे मिशिगनमधलं, डेट्रॉइटजवळचं गाव. इथे ज्याला त्याला विचारावं तर तो मोटारींच्या धंद्यात असतो. मी मोटारींच्या सीटांच्या चाचण्या घेणाऱ्या कंपनीत आहे, माझा नवरा अजित मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि विनींनी चाळीस वर्षं मोटारींच्या पत्र्याचे साचे बनवले. इथे ऐंशीच्या माणसालाही पहिल्या नावानं हाक मारतात. मला ते जमलं, पण अर्धंच. तोंडावर मी 'विनी' म्हणे आणि घरात बोलताना 'विनी आलेत', 'विनींनी तुळस दिलीय'. अजित त्यावरून माझी थट्टा करायचा. महिन्याभरात तोही तसंच बोलायला लागला.

पहिली ओळख झाली ती खड्ड्यावरून. आम्ही नोव्हेंबरात या घरात राहायला आलो. सामान अजून खोक्यांतच होतं. सकाळी चहा घेताना खिडकीतून दिसलं, की शेजारच्या मागच्या अंगणात एक म्हातारा लांबलचक खड्डा खणतोय. अजितनं दोनदा बघितलं. "अगं, सहा फूट तरी असेल. रुंदी पण माणूस मावेल एवढीच." मग आमच्या ईशानं, ती तेव्हा नऊ वर्षांची होती, जाऊन विचारून यायचं ठरवलं आणि पाच मिनिटांत परत येऊन म्हणाली, "आई, रिलॅक्स. ही इज बरीइंग अ ट्री."

झाड अंजिराचं होतं. मिशिगनच्या थंडीत अंजीर जगत नाही, म्हणून विनी दर नोव्हेंबरात त्याच्या फांद्या दोरीनं बांधत, एका बाजूची मुळं कुदळीनं सोडवत, आणि अख्खं झाड हळूहळू वाकवून त्या खड्ड्यात आडवं निजवत. वर फळ्या, त्यावर वाळकी पानं, त्यावर माती. एप्रिलात पुन्हा उकरून उभं करायचं. त्यांच्या आजोबांनी बोटीतून आणलेल्या काडीचं हे झाड, असं ते सांगत. माझं माहेर सासवडच्या बाजूचं. अंजिरं मला कुणी शिकवायला नकोत. पण झाडाला असं पांघरूण घालून निजवतात हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले.

विनींनी नाव विचारलं. मी सांगितलं, वसुधा पिंपळोलीकर. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तेव्हापासून मी 'किडो' झाले, म्हणजे 'पोरी'. माझं वय तेव्हा बेचाळीस. "एवढं लांब नाव, त्याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "पिंपळोली नावाचं गाव आहे. माझ्या नवऱ्याची माणसं तिथली. आमच्याकडे आडनाव सांगितलं की गाव कळतं."

विनींनी कुदळ खाली ठेवली. हातमोजे काढले. "रोकालेना हेसुद्धा गाव आहे," ते म्हणाले. "दक्षिण इटलीत, डोंगरावर. माझे आजोबा सांगायचे."

"मग झालं तर," मी म्हटलं. "गाव सापडलं की माणसं सापडतात."

मी हे सहज बोलले. परदेशात मराठी माणूस भेटला की आपण पहिलं काय विचारतो? तुम्ही मूळचे कुठले. मग दोन मिनिटांत कुणाची तरी आत्या कुणाच्या तरी वहिनीची मैत्रीण निघते. त्या सवयीतून आलेलं ते वाक्य. पण विनींनी ते उचललं. पुढची कित्येक वर्षं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "किडो म्हणते, गाव सापडलं की माणसं सापडतात. त्यांच्याकडे हे शास्त्र आहे." मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

विनींच्या गॅरेजचं दार सकाळी आठला उघडे आणि संध्याकाळी सहाला बंद होई. आत गाडी कधीच नसे. एका भिंतीवर अवजारं, दुसऱ्या भिंतीवर अमेरिकेचा हा एवढा मोठा नकाशा. नकाशावर टाचण्या. जिथे जिथे रोकालेना आडनावाचं घर सापडलं तिथे एक. मासा आणि मनुका जुळल्या तर लाल टाचणी, नाही जुळल्या तर पांढरी. मात्र पांढरी फार दिवस पांढरी राहत नसे. विनी पुन्हा फोन करत, त्या माणसाच्या बहिणीला, काकूला, कुणालातरी गाठत, आणि कुणाला ना कुणाला मनुका आठवतच.

कारखान्यात साचे बसवायला ते राज्याराज्यांत हिंडत तेव्हापासूनचं हे वेड. मोटेलात शिरलं की बॅग ठेवायच्या आधी पलंगाशेजारचा खण उघडायचा, टेलिफोन डिरेक्टरी काढायची आणि आपल्या आडनावाचं पान शोधायचं. डिरेक्टऱ्या संपल्या तेव्हा ते इंटरनेट शिकले. कागदावर छापलेलं नाव बोटानं चाचपता येतं, पडद्यावर येत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

"नकाशा नीट बघ," ते मला सांगत. "पेन्सिल्व्हेनियात कोळसा, तिथे आम्ही. लुइझियानात ऊस, तिथे आम्ही. इथे मोटारी, इथे आम्ही. एक माणूस उतरला आणि त्याची पोरं अशी पांगली."

मी म्हटलं, "आमचंही तसंच. अजितचा चुलतभाऊ बॉथेलला, पुतण्या नोव्हायला. जिथे सॉफ्टवेअर तिथे पिंपळोलीकर."

"टाचण्या लावल्यास?"

"व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे."

"ते टिकणार नाही," विनी म्हणाले, आणि टाचण्यांची डबी नीट बंद केली.

त्यांची बायको रोझमेरी आम्ही यायच्या आधीच गेली होती. एकुलती मुलगी डायना अ‍ॅरिझोनात. तिनं लग्नात नवऱ्याचं आडनाव घेतलं, याची विनींना रुखरुख होती. एकदा ते म्हणाले, "माझ्यानंतर या घरात रोकालेना कुणी नाही."

मला राग आला. "मीही आडनाव बदललं, विनी. माझ्या वडिलांनी म्हणून भिंतीवर नकाशा नाही टांगला."

ते हसले. "तुझे वडील माझ्यापेक्षा समजूतदार." पण टाचण्या कशासाठी होत्या ते मला त्या दिवशी कळलं. मुलगी दूर, बायको नाही, नाव संपत आलेलं. या माणसानं फोन लावून लावून स्वतःचं घर भरलं होतं.

भरलेलं घर वर्षातून एकदा डोळ्यांनी बघता यायचं. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी गावातल्या बागेत सगळ्या रोकालेनांची पिकनिक असे. साठ-सत्तर माणसं गाड्या हाकत यायची. आम्हांला शेजारी म्हणून आमंत्रण असायचं. प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी, आणि आडनाव एकच असल्यामुळे विनी खाली गाव लिहायला लावत. लोक एकमेकांचे कान, नाक, हनुवटी बघून 'अगदी आपल्यातलंच' म्हणायचे. मला तर ते कान चार ठिकाणचे वाटायचे. लुइझियानाचा रेमंड सहा फूट तीन इंच, काळ्या तुकतुकीत मिशांचा. पेन्सिल्व्हेनियाची कार्ला पाच फूट आणि तांबूस केसांची. पण दोघं शेजारी बसून मनुकांवर बोलत असली की आपण कोण शंका काढणार.

कार्लाबद्दल सांगायला हवं. ती शाळेतून निवृत्त झालेली बाई, विनींहून दहा-एक वर्षांनी लहान. नकाशावरची पहिली लाल टाचणी तिच्या वडिलांची. विनींना सख्खी बहीण नव्हती. कार्ला दर रविवारी दुपारी एकला फोन करायची, आणि त्या वेळी विनी दुसऱ्या कुणाचाही फोन घेत नसत. पिकनिकला ती निळ्या काचेच्या मोठ्या वाडग्यात बटाट्याचं सॅलड आणायची. विनी ते सगळ्यांत शेवटी खात, आणि वाडगा स्वतः धुऊन तिच्या गाडीत ठेवत. अंजिराच्या झाडाची काडी त्यांनी फक्त तिला दिली होती. तिच्या अंगणात तिनं ती जगवली होती आणि तीही दर हिवाळ्यात झाड पुरायची.

दोन वर्षांपूर्वीच्या पिकनिकला विनींनी बाकावर उभं राहून जाहीर केलं, की सप्टेंबरात ते इटलीला जाणार. रोकालेना गावात. वय एकोणऐंशी, गुडघे गेलेले, पण तिकीट काढलेलं. "पुढच्या वर्षी इथे मी तुम्हांला आपल्या पहिल्या माणसाच्या थडग्याचा फोटो दाखवीन. मग कुणी मनुकांबद्दल वाद घालायचा नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्ला रडली. विनींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे शास्त्र हिच्याकडून शिकलो."

डेट्रॉइटच्या विमानतळावर त्यांना सोडायला मी गेले. गाडीतून बॅग काढत असताना त्यांनी विचारलं, "किडो, तू तुमच्या त्या गावाला गेली आहेस?"

"गेलेय. लग्नानंतर एकदा. कुलदैवताला."

"किती थडगी आहेत तुमच्या नावाची?"

मी हसले. "आमच्यात थडगी नसतात, विनी. आम्ही जाळतो."

"बरं, मग किती घरं आहेत?"

त्या क्षणी मला पिंपळोली आठवली. अजित आणि मी एस.टी.तून उतरलो होतो. पारावर एक आजोबा तंबाखू मळत बसले होते. अजितनं मोठ्या ऐटीत विचारलं, "आजोबा, पिंपळोलीकरांचं घर कुठं?" आजोबांनी आम्हांला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अहो पाव्हणं, अख्खं गाव पिंपळोलीचं. हितं पिंपळोलीकर कोण असणार?" मग अजितच्या पणजोबांचं नाव सांगितल्यावर त्यांची ट्यूब पेटली. "म्हंजे विहिरीवाल्यांच्यातलं व्हय तुमी. त्ये तर कवाच गाव सोडून गेलं." गावात आमच्या लोकांना विहिरीवाले म्हणत. पिंपळोलीकर हे नाव त्यांना पुण्यात लागलं, तिथल्या लोकांनी कुठले म्हणून विचारल्यावर. पिंपळोलीत एकही पिंपळोलीकर नव्हता, आणि असण्याचं काही कारणही नव्हतं.

हे मला तिथे, विमानतळाच्या फुटपाथवर, लख्ख आठवलं. मागून पोलीस गाडी पुढे घ्या म्हणून खुणा करत होता. विनींनी नवा कोट घातला होता. मी म्हटलं, "आहेत थोडीफार." आणि त्यांची बॅग त्यांच्या हातात दिली.

दहा दिवसांनी विनी परतले. आणायला डायनानं टॅक्सी ठरवली होती, त्यामुळे मला तोंड दाखवावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजले, नऊ वाजले, गॅरेजचं दार बंद. आठवडाभर बंद. अजित म्हणाला, "जेट लॅग असेल यार. एटी इयर्सचा माणूस आहे." मी हो म्हटलं. ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर लागला, अंजिराची पानं गळली, आणि शेजारी कुणी खड्डा खणला नाही. तेव्हा मात्र मला राहवेना. डब्यात पोळी-भाजी घेतली आणि गेले.

विनींनी स्वयंपाकघराच्या दारानं आत घेतलं. मी गॅरेजमध्ये डोकावले. नकाशा होता, टाचण्या नव्हत्या. नुसती भोकं. कामाच्या टेबलावर पाकिटांचे गठ्ठे होते, पत्ते लिहिलेले, तिकिटं लावलेली.

"सगळ्यांना पत्रं लिहिलीत," मी म्हटलं.

"बंद करतोय," विनी म्हणाले. "पिकनिक, फोन, सगळं."

मग त्यांनी सांगितलं. रोकालेनात पन्नासेक घरं, त्यांतली बरीच कुलूप लावलेली. स्मशान टेकडीच्या अंगाला. त्यांनी दोन दिवस एकेक थडगं वाचलं. शेवाळ नखांनी खरवडलं. टॅक्सीवाला दुभाषाचं काम करत बरोबर फिरत होता, त्याचेसुद्धा पाय दुखायला लागले. तिथे बरीच आडनावं होती. रोकालेना एकही नव्हतं. मग पालिकेच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं जुन्या वह्या काढल्या, पानं उलटली, आणि चष्मा काढून हसला. "साहेब, इथे कुणाचं नाव रोकालेना कशाला असेल? इथे तर सगळेच रोकालेनाचे."

"मला कॉफी पाजली त्यांनी," विनी म्हणाले. "पोस्टकार्ड दिलं. मी टुरिस्ट होतो."

माझ्या डब्याचं झाकण मी उघडलं, पुन्हा लावलं. खरं सांगू, त्या क्षणी पळून जावंसं वाटलं. पण ती पाकिटं समोर होती. मी त्यांना पिंपळोलीच्या पाराची गोष्ट सांगितली. आजोबा, तंबाखू, विहिरीवाले, सगळी. विनी ऐकत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी नेमकं विचारलं.

"हे तुला कधी आठवलं?"

"विमानतळावर."

"मी जायच्या आधी."

"हो."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"तुम्हांला वाईट वाटलं असतं."

विनींचा आवाज चढला नाही. "मग काय केलंस तू? माझं वाईट वाटणं दहा दिवस पुढे ढकललंस, आणि मला त्या माणसाच्या हसण्यापाशी एकट्याला पाठवलंस."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. माफी मागितली. विनींनी किचन टॉवेल पुढे केला आणि म्हणाले, "पुढे बोल. ते विहिरीवाले पुण्याला गेले. मग?"

मग मला जे सुचत गेलं ते बोलले. गावात राहतात त्यांना गावाचं नाव कशाला हवं. गाव सोडलं, दुसरीकडे गेलं, तिथे कुणी विचारलं कुठले, की मग ते नाव चिकटतं. तुमच्या आजोबांचा जन्म तरी त्या गावातला होता का? विनींनी मान हलवली. आजोबा बंदराच्या शहरातले. गाव सोडलं होतं त्यांच्याही आधीच्या कुणीतरी. "तसंच कार्लाच्या कुणीतरी सोडलं असेल," मी म्हटलं. "रेमंडच्या कुणीतरी सोडलं असेल. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या घरांतून. तुम्ही एका माणसाची पोरं नाही, विनी. एका गावातून बाहेर पडलेली माणसं आहात. आमच्यात त्यांना गाववाले म्हणतात." मी 'गाववाले' मराठीतच म्हटलं. इंग्रजी शब्द आठवेना.

"पायझानो," विनी सावकाश म्हणाले. "आजोबा म्हणायचे. बोटीतून उतरल्यावर ज्यानं त्यांना खोली दिली, तो नातेवाईक नव्हता. पायझानो होता."

मला वाटलं प्रश्न सुटला. म्हटलं, मग पत्रं टाकू नका, टाचण्या परत लावा. विनी म्हणाले, "तसं नाही चालत, किडो. मी तीस वर्षं त्यांना चुलत म्हणत आलो. चुलत म्हणून लोक नऊ-नऊ तास गाडी चालवत आले. आता मला माहीत आहे, त्यांना माहीत नाही. हे मी तुझ्यासारखं करणार नाही."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. लागावं म्हणूनच ते बोलले होते. मात्र उठून त्यांनी कुदळ घेतली. त्या वर्षीचा खड्डा आम्ही दोघांनी मिळून खणला. पाकिटं त्यांनी टाकली नाहीत. तोंडावर सांगेन, म्हणाले.

पुढच्या ऑगस्टात त्यांनी तसंच केलं. बाकावर चढवेना म्हणून रेमंडनं खुर्ची आणली. विनी बसून बोलले. थडगं नाही, फोटो नाही, आपण एका माणसाची पोरं नाही. मनुका घातलेला मासा, त्यांनी टॅक्सीवाल्याला विचारलं होतं, तिकडे पाचपन्नास गावांत करतात. "तुम्ही माझ्या शब्दावर आलात. शब्द चुकीचा होता. मी माफी मागतो. जेवण आहे, जेवून जा." मग त्यांनी पिंपळोलीची गोष्ट सांगितली, जरा वाढवून. त्यांच्या गोष्टीत पारावरच्या आजोबांना पांढरी दाढी आली होती.

रेमंडनं मिशीवरून हात फिरवला. "विनी, पुढच्या वर्षी पण दुसराच शनिवार ना? मला आत्ताच सुट्टी टाकावी लागते." काही लोक हसले, ताटं घेऊन उठले. काही जण जेवले आणि लवकर निघाले. कार्ला जेवली नाही. तिनं आपला निळा वाडगा उचलला, त्यात सॅलड तसंच होतं, आणि विनींपाशी जाऊन म्हणाली, "मी माझ्या वडिलांच्या प्रेतयात्रेत तुला भाऊ म्हणून पुढे उभं केलं होतं." मग ती गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर रविवारी एकला फोन यायचा बंद झाला. विनी मात्र त्या वेळी दुसऱ्या कुणाचा फोन घेत नसत. एकदा मी त्याच वेळी तुळस मागायला गेले तर त्यांनी दारातूनच थांब म्हणून हात केला. दोन वाजेपर्यंत ते फोनजवळ बसून राहिले. मी म्हटलं, तुम्हीच लावा ना. आयुष्यभर अनोळखी लोकांना लावलात. विनी म्हणाले, "अनोळखी माणसानं फोन ठेवला तर काय जातं?"

टाचण्या त्यांनी परत लावल्या, पण सगळ्या पांढऱ्या. लाल टाचण्यांची डबी तशीच बंद राहिली.

गेल्या नोव्हेंबरात, पानगळ संपली त्या आठवड्यात, विनी गेले. सकाळी कॉफी घेताना, खुर्चीतच. डायना अ‍ॅरिझोनाहून आली. ती कागदपत्रांत बुडाली होती. तिनं माझ्या हातात वडिलांची फोनची वही दिली आणि म्हणाली, "तुला ही माणसं माहीत आहेत. तू कळवशील?"

मी गॅरेजमध्ये त्यांच्याच स्टुलावर बसले. पहिल्याच पानावर पहिलंच नाव कार्लाचं होतं. मी ते सोडून बाकी सगळ्यांना फोन केले. रेमंड फोनवर रडला आणि म्हणाला, पिकनिक होणार, मी करीन. संध्याकाळ व्हायला आली तरी ते पहिलं पान मी उलटून परत परत बघत होते. विमानतळाच्या फुटपाथवर एकदा गप्प बसून काय झालं ते मला ठाऊक होतं. मी नंबर लावला.

पलीकडून हॅलो आलं. कोण म्हणून सांगावं ते सुचेना, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "माझं नाव रोकालेना नाही. तुमचं आहे. पण फोन ठेवू नका."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा सेकंद गेले. वीस गेले.

"कधी?" कार्लानं विचारलं.

मी सांगितलं. डायनाबद्दल सांगितलं, शनिवारच्या प्रार्थनेबद्दल सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळेना. मग तिनं मला मध्येच थांबवलं.

"अंजीर पुरलं का?"

"नाही अजून. दोर बांधून ठेवलेत त्यांनी. आज रात्री पाणी गोठेल म्हणतात, आम्ही आत्ताच..."

"तुम्ही हात लावू नका," कार्ला म्हणाली. "तुम्हांला डाव्या बाजूची मुळं माहीत नाहीत. आजच्या रात्रीपुरती वर गोधडी टाका. मी पहाटे निघते. अकरापर्यंत पोचेन."

आमची घरातली जुनी गोधडी मी आणि ईशानं झाडावर नीट गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी विनींच्या गॅरेजचं दार उघडून ठेवलं.